दोन स्पीकरांच्या मध्ये

६ ऑक्टोबर १९८४, शनिवार
नेपरव्हिल

पोचले एकदाची! विमानात बसून बसून पाय सुजलेत, भर दुपारी झोप येते आहे, पण आत्ता झोपले तर रात्रभर टक्क जागी राहीन असं प्रताप म्हणाले. म्हणून या नव्या वहीचं उद्घाटन. वही विनयने, माझ्या धाकट्या भावाने, निघताना हातात ठेवली. म्हणाला, ताई, तुला चाळीस मुलींसमोर बोलायची सवय, तिथे बोलायला कोण सापडणार?

लग्न मे महिन्यात सांगलीला झालं. आठ दिवसांनी प्रताप इकडे परतले आणि माझ्या व्हिसाला पाच महिने लागले. विमानतळावरच्या गर्दीत मी त्यांना ओळखलंच नाही. त्यांनी मात्र माझ्याकडे पाठ असूनही मला ओळखलं. म्हणाले, तू त्या बाईंना ‘एक्स्क्यूज मी’ म्हणालीस ना, तो आवाज आला. नवऱ्याने आवाजावरून ओळखावं याचं मला फार अप्रूप वाटलं.

घर दोन मजली, लाकडी, पांढरं. अंगणातलं झाड इतकं लालभडक आहे की आधी मला ते खोटं वाटलं. फ्रिजमध्ये शेजारच्या गल्लीतल्या लताकाकूंनी वरण, भात आणि फ्लॉवरची भाजी करून ठेवली होती. स्वयंपाकघर आमच्या शाळेच्या स्टाफरूमएवढं. लिव्हिंग रूममध्ये मात्र सोफा नाही, टीव्ही नाही. एकच खुर्ची, आणि तिच्यासमोर छातीएवढे उंच दोन स्पीकर. बाकी सगळी खोली मोकळी. मी विचारलं, पाहुणे आले की बसतात कुठे? ते हसले आणि म्हणाले, पाहुणे ऐकतात.

प्रताप एक्केचाळीस वर्षांचे, मी एकतीसची. त्यांचं पहिलं लग्न मोडलेलं, हे ठाऊक होतं. सुचित्रा तिचं नाव. ‘जमलं नाही,’ एवढंच त्यांनी सांगितलं, आणि माझ्या वयाला आमच्या घरच्यांनी त्याहून जास्त विचारलं नाही.

१४ ऑक्टोबर, रविवार

आज मी नवऱ्याच्या कामी आले! त्यांचं म्हणणं असं, की लोक महागडे स्पीकर आणतात आणि भिंतीला चिकटवून ठेवतात. मग आवाज घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा घुमतो. स्पीकर भिंतीपासून पुढे आणायचे, पण किती, ते कान सांगतो. दोन्ही नीट लागले की गाणारी बाई त्यांच्या बरोबर मध्ये उभी राहते. जिथे खरं तर काहीच नसतं, तिथे.

ती जागा शोधायची रीत मजेची आहे. मी भिंतीला पाठ टेकवून उभी राहायचं आणि बोलत बोलत हळूहळू पुढे यायचं. ते खुर्चीत डोळे मिटून. माझा आवाज भिंतीपासून सुटला, मोकळा झाला, की ते हात वर करणार आणि मी पायाशी चिकटपट्टी लावणार. काय बोलू, विचारलं. म्हणाले, काहीही. मग मी सातवीचा भूगोल घेतला. कृष्णा, वारणा, येरळा, अग्रणी, कोण कुठून येते आणि कुठे मिळते. तीन फूट दोन इंचांवर हात वर झाला.

त्या वेळी त्यांचा चेहरा मी पाहिला. कपाळावरची आठी गेली होती, ओठ सैल सुटले होते. माझं बोलणं इतकं लक्ष देऊन आजवर कुणी ऐकलं नव्हतं. वर्गात मुलींचा एक कान घंटेकडे असायचा.

२१ ऑक्टोबर, रविवार

डावा स्पीकर खिडकीच्या काचेजवळ येतो म्हणून तो सरकवत होतो. कार्पेटच्या केसांत जुन्या चिकटपट्टीचा तुकडा रुतलेला सापडला. वर बॉलपेनने लिहिलेलं, ‘डावा, मार्च ८१.’ अक्षर सुरेख, गोल. प्रतापचं नाही. विचारलं, तर सहज म्हणाले, सुचित्राही मदत करायची. पण तिचा आवाज पातळ होता. तुझ्या आवाजाला छाती आहे.

मला बरं वाटलं. आता इथे कशाला खोटं लिहू? फार बरं वाटलं.

४ नोव्हेंबर, रविवार

बाजूच्या भिंतीवरून आवाज उलटतो आणि मधली बाई पुसट होते. मी आरसा भिंतीला लावून सरकत गेले. खुर्चीतून त्यांना ज्या जागी आरशात स्पीकर दिसला तिथे काहीतरी जाड टांगायचं होतं. प्रताप वर गेले आणि माझी गोधडी घेऊन आले. आईच्या जुन्या लुगड्यांची, थोरल्या मावशीने शिवलेली. चार खिळ्यांनी ती भिंतीला ठोकली. मी म्हटलं, अहो, थंडीत पांघरायला आणली होती. ते टाळी वाजवून खोलीचा घुमारा तपासत होते. म्हणाले, परफेक्ट.

मग रेकॉर्ड लावली आणि मला पहिल्यांदाच खुर्चीत बसवलं. खरंच बाई मध्ये उभी राहिली! तिने श्वास घेतला तो कळला, मान किंचित वळवली तेही कळलं. मी उठून त्या जागी हात फिरवून आले. प्रताप लहान मुलासारखे हसले.

घसा सारखा कोरडा पडतो. हीटिंगमुळे असेल.

२५ नोव्हेंबर, रविवार

गुरुवारी थँक्सगिव्हिंगला लताकाकूंकडे गेलो होतो. काकू मुलांच्या डॉक्टर, बासष्ट सालापासून इथे. त्यांचे यजमान उल्हासकाका लोखंडाच्या कारखान्यात इंजिनियर होते. तिथल्या आवाजाने कान गेले. मशीन लावतात, पण खरं ऐकतात ते समोरच्याच्या ओठांवरून. मला म्हणाले, तू बोलतेस छान, तुझे ओठ मराठी शिकवतात. सगळ्यांत जास्त मी त्यांच्याशीच बोलले.

काकू मात्र म्हणाल्या, अगं, किती हळू बोलतेस, नवी नवरी असल्यासारखी. मी! शेवटच्या बाकापर्यंत पोचणारी मी! काल दुकानातल्या मुलीनेही तीनदा ‘पार्डन?’ म्हटलं. शेवटी मी बोटाने ब्रेड दाखवला.

११ डिसेंबर, मंगळवार

बाहेर गुडघाभर स्नो. प्रताप ऑफिसला. त्यांनी सांगून ठेवलं होतं की सतारीची रेकॉर्ड लावून बघ, उजवा अर्धा इंच आत वळवलाय. लावली.

सतारीच्या मागे एक बाई बोलत होती. मराठीत. आधी वाटलं रस्त्यावर कुणी आहे, पण नेपरव्हिलच्या रस्त्यावर कोण मराठी बोलणार? आवाज बरोबर मधून येत होता, पातळ आणि नम्र. एक, दोन, तीन, चार. मग वाण्याच्या यादीसारखं काहीतरी, डाळ, रवा, लाल तिखट. मग म्हणाली, ‘मला घरी जायचंय हो. ऐकताय ना?’

मी सुई उचलली. सतार थांबली. ती आणखी एकदा म्हणाली, ‘ऐकताय ना?’

१५ डिसेंबर, शनिवार

प्रतापना सांगितलं. त्यांनी तीच रेकॉर्ड लावली, डोळे मिटले. बाई बोलत होती, मी दारात उभी राहून ऐकत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, कळलं त्यांना. ते म्हणाले, केवढा प्रेझेन्स आहे ग! हात लावावा असा. शब्द? कसले शब्द?

संध्याकाळी काकूंना फोन करून सुचित्राबद्दल विचारलं. काकू म्हणाल्या की ती बोलेनाशी झाली होती. आधी हळू, मग अजिबात नाही. घसा, स्वरतंतू, सगळं तपासलं, काही निघालं नाही. सगळे म्हणाले, मनाचं आहे. तिचा भाऊ ॲरिझोनात, चँडलरला इंजिनियर आहे, तो येऊन घेऊन गेला. नंबर काकूंकडे होता.

१८ डिसेंबर, मंगळवार

चँडलरला फोन केला. भाऊ चंद्रशेखर सभ्य वाटला, पण मी कोण ते कळल्यावर आवाज कडक झाला. म्हणाला, ताई बोलत नाही, तीन वर्षं झाली. मी म्हटलं, त्या नुसतं ऐकतील का? त्याने रिसीव्हर तिच्या कानाला लावला असावा. मी पट्ट्या सांगितल्या, सतार सांगितली, ती काय बोलते ते सांगितलं. पलीकडे फक्त श्वास. मग कागदावर काहीतरी खरडल्याचा आवाज आला.

चंद्रशेखरने वाचून दाखवलं. ‘तिथून निघ. निघता येत नसेल तर निदान त्या जागी उभी राहून बोलू नकोस. त्याच्यासाठी तर अजिबात नाही.’

३० डिसेंबर, रविवार

आज पुन्हा उभी राहिले.

स्वतःलाच विचारते आहे, का? आठवडाभर हा माणूस माझ्याशी बोलतो ते दूध संपलं का, हीटिंग कमी कर, ड्रायव्हिंग स्कूलला फोन केलास का. जेवताना मासिकात डोकं. मी काही सांगायला लागले की ‘हं’. आणि रविवारी दोन तास तो माझ्यासमोर डोळे मिटून बसतो, आणि माझ्या एकेका अक्षरावर त्याचा चेहरा हलतो. आठ हजार मैलांवर येऊन मला मिळालेली ही एवढीच माया आहे. ती खोटी आहे, हे मला कळतं. भुकेल्या माणसाला शिळंही चालतं.

आज बोलता बोलता मी म्हटलं, मला इथे करमत नाही. तुम्ही माझ्याकडे बघत नाही. सुचित्राचं काय केलंत? त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, तिथेच. तिथेच थांब.

६ जानेवारी १९८५, रविवार

दिवस गेलेत. शुक्रवारी काकूंच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. दोन दिवस मी योग्य वेळ शोधत होते. शेवटी वाटलं, ज्या जागेवरून तो माझं ऐकतो तिथूनच सांगावं.

भिंतीला पाठ लावून उभी राहिले. हळूहळू पुढे आले. पट्टीवर पाय आला तेव्हा म्हटलं, ‘अहो, मला दिवस गेलेत.’

डोळे मिटलेलेच. म्हणाला, ‘पुन्हा म्हण.’

वाटलं, पोचलं त्याच्यापर्यंत. पुन्हा म्हटलं, ‘मला दिवस गेलेत.’

‘“ग” जरा जड येतोय. दोन इंच पुढे ये.’

मी दोन इंच पुढे आले. आणखी एकदा म्हटलं. तो हसला. आणि इतका सुंदर हसला, की मी तिथेच खाली बसले.

आजपासून या वहीत त्याला ‘अहो-जाहो’ नाही.

२० जानेवारी, रविवार

बाहेर शून्याखाली सत्तावीस. रेडिओवर सांगतात, घराबाहेर पडू नका. खिडकीच्या आतल्या बाजूने बर्फ धरलंय.

गेला आठवडाभर मी त्या खोलीत तोंड उघडलेलं नाही. आता उशीर झाला असावा. सकाळी दूध उतू गेलं, मी ‘अगंबाई’ म्हणाले. तोंड हललं, आवाज नाही. मग लिव्हिंग रूममधून, स्वच्छ, मधोमध — ‘अगंबाई.’

काकूंनी घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. आत नळी घालून पाहिलं. सगळं उत्तम आहे म्हणाले. नवीन देश, नवीन लग्न, त्यात गरोदरपण, वेळ द्या.

विनयचा फोन आला. हॅलो, हॅलो, ताई, लाइन खराब आहे ग. मोठ्याने बोल. ताई?

ठेवून दिला.

सतारीमागची ती पातळ बाई आता ऐकू येत नाही. तिच्या जागी दुसरी बोलते. नद्यांची नावं घेते.

२७ जानेवारी, रविवार

प्रतापने चार मराठी कुटुंबं बोलावली. सिस्टीम ऐकायला. मी सकाळपासून नारळाच्या वड्या थापत होते. ताट ओट्यावर ठेवलं, आवाज झाला नाही. बांगड्या वाजत नाहीत. चालते ते कळत नाही.

सगळे कार्पेटवर बसले. सतार सुरू झाली. मग मध्ये मी उभी राहिले — मी नव्हे — ती. म्हणाली, ‘अहो, मला दिवस गेलेत.’

लताकाकूंनी दोन्ही हात गालांवर ठेवले. अगं नंदा, सगळ्यांना सांगायची काय छान आयडिया! रेकॉर्ड कधी केलंस? आणि प्रताप, काय क्लॅरिटी! लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रताप खुर्चीतून म्हणाला, ‘ऐकलंत? बरोबर मधोमध.’

मी स्वयंपाकघराच्या दारात ताट घेऊन उभी होते. मी ओरडत होते. ती मी नाही. मी इकडे आहे. इकडे बघा. घसा फाटेस्तोवर. नरड्याची शीर ताणलेली मला कळत होती.

एकच माणूस माझ्याकडे बघत होता. उल्हासकाका. मोठ्याने म्हणाले, ‘अरे, ती पोरगी ओरडतेय काहीतरी!’

काकू म्हणाल्या, ‘हळू हो. ऐकू दे ना जरा.’

पाहुणे गेल्यावर प्रतापने विचारलं, खरंच का ग? मी मान हलवली. छान, म्हणाला. मग थोडा विचार करून म्हणाला, गरोदरपणात आवाज बदलतो म्हणतात. राहिलेलं मोजमाप महिन्याभरात संपवू.

२८ जानेवारी, सोमवार

दुपारी फोन वाजला. उचलला. मी काही बोलू शकत नव्हते.

एक बाई म्हणाली, ‘नंदा ना?’ घोगरा आवाज. वापरात नसलेला. पण पातळ. तो आवाज मी ओळखते.

म्हणाली, सुचित्रा बोलतेय. काल दुपारी चहा मागितला आणि स्वतःच दचकले. भाऊ रडायला लागला. मग माझ्या लक्षात आलं, माझा परत आला म्हणजे तुझा गेला. मी तुला सांगितलं होतं ग, बोलू नकोस म्हणून. पण खरं सांगू? मनात मी देवाला म्हणत होते, ती बोलू दे.

बराच वेळ ती रडत होती. मी ऐकत होते. तिला माझा श्वासही ऐकू येत नव्हता. नंदा, आहेस का, नंदा — मग फोन बंद.

मला तिचा राग यायला हवा. येतो. पण तिच्या जागी मीही तेच मागितलं असतं.

६ फेब्रुवारी, बुधवार

काकूंबरोबर डॉक्टरीणबाईंकडे गेले. नर्सने पोटावर यंत्र फिरवलं. बाळाचे ठोके ऐकवते म्हणाली. नुसती खरखर. उजवीकडे. डावीकडे. पुन्हा. काकू म्हणाल्या, अजून लवकर आहे, कधी कधी सापडत नाहीत, पुढच्या आठवड्यात बघू.

उल्हासकाका गाडीत थांबले होते. मी त्यांच्यासाठी चिठ्ठी लिहून नेली होती. ‘मला या घरातून न्या. सांगलीला पाठवा.’ त्यांनी वाचली, घडी घालून खिशात ठेवली. सोमवारी अकरा वाजता येतो म्हणाले. तो ऑफिसात असताना.

घरी आले. प्रताप लवकर आला होता. खुर्चीत, डोळे मिटून. खोलीत ठोके. भरभर, बारीक, उड्या मारत.

म्हणाला, बेस सापडला बघ. किती खोल. किती जिवंत.

७ फेब्रुवारी, गुरुवार

तो गेल्यावर गराजमधून हातोडी आणली. उजव्या स्पीकरसमोर उभी राहिले. हात वर केला.

ठोके वाढले. घाबरल्यासारखे.

हात खाली घेतला. हळूहळू शांत झाले.

पुन्हा उचलता येणार नाही मला —

११ फेब्रुवारी, सोमवार

काका अकराला आले. बॅग भरलेली होती. पासपोर्ट कोटात. प्रताप ऑफिसला.

बाहेर पडले. दार उघडंच. आतून ठोके ऐकू येत होते. पायरी उतरले — मंद झाले. दुसरी पायरी — आणखी मंद. अंगणातून चालताना मोजत होते. एक. आणि बऱ्याच वेळाने, दोन. गाडीच्या दाराला हात लावला —

तिसरा आलाच नाही.

मी वळले. काकांनी मनगट धरलं. म्हणाले, ‘पोरी, मला काही ऐकू येत नाही. पण तुझ्या तोंडावर दिसतंय. चल. मागे बघू नकोस.’

त्यांचा हात झिडकारला. त्या म्हाताऱ्याला मी ढकललं. बर्फावर घसरत आत पळाले, पट्ट्यांच्या मध्ये जाऊन पालथी पडले. कितीतरी वेळ काही नाही. मग —

ठक. ठक. ठक.

काका दारात उभे होते. रडत होते. मी हाताने सांगितलं, जा. ठोके परत आलेत हे त्यांना कुणी सांगू शकलं नसतं. त्यांना ऐकू येत नाही.

गेले.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

दुपार. प्रताप ऑफिसात. मी खोलीतच. जेवण इथेच आणलंय. ठोके चालू आहेत.

आज ॲम्प्लिफायर बंद केला. प्लग काढला. वायरी काढल्या. तरी चालू.

ती बोलायला लागलीय. माझ्या आवाजात. वाचतेय.

ही वही. कालचं पान. काका, पायरी, एक, दोन — शाळेत धडा वाचायचे तसं, सावकाश, सगळे शब्द सुटे सुटे. वही माझ्या मांडीवर आहे. तिला कुठून दिसते —

आता आजचं. दुपार. प्रताप ऑफिसात. ॲम्प्लिफायर बंद. मी लिहिते आणि ती लगेच — मागोमाग — शब्दाला शब्द —

भरभर लिहिते आहे. ती बरोबरीने येते आहे. ‘बरोबरीने येते आहे,’ म्हणाली —

थांबले मी. पेन उचललं.

ती थांबली नाही.

पुढचं वाचतेय. मी अजून लिहिलेलं नाही. ठोके तिच्या आवाजामागे बारीक होत चाललेत, नाही, नको — ती म्हणते आहे की संध्याकाळी दार उघडून तो आत आला आणि त्याला मध्ये कुणीच दिसलं नाही, फक्त वही — आणि बाळ —